उत्तन–भाईंदर किनाऱ्यावरील हिवाळी मासेमारी

महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिम भागात उत्तन, पाली, चौक इ. कोळीवाडे आहेत. पावसाळा संपल्यानंतर साधारणपणे ऑक्टोबर ते फेब्रुवारी ह्या महिन्यांत ह्या कोळीवाड्यांलगतच्या अरबी समुद्रात चालणाऱ्या मासेमारीस हिवाळी मासेमारी म्हणता येईल. डोल जाळे हे तिचे प्रमुख साधन व बोंबील हे तिचे प्रमुख उत्पन्न होय. ह्यांशिवाय रावस, दाढा, घोळ, पापलेट, हलवा, वाकटी, मांदेली, करंदी, जवळा, कोळंबी, शेवंड इ. जातीही ह्या हंगामात कमीअधिक प्रमाणात मिळतात. एका महानगराच्या सीमेवर राहूनही हा व्यवसाय भरती-ओहोटी, वारा आणि ऊन ह्या नैसर्गिक घटकांवरच दीर्घकाळ अवलंबून राहिला, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : हा प्रदेश साष्टी बेटाच्या वायव्य टोकास आहे. त्याच्या उत्तरेस उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस मनोरीची खाडी असून खाडीपलीकडे वसईचा किल्ला व पाचूबंदर ही मच्छीमार वस्ती आहे. उत्तन-डोंगरी-चौक हा उंचवट्याचा, खडकाळ भाग पूर्वी धारावी बेट ह्या नावाने ओळखला जाई. त्याच्या आणि भाईंदरच्या दरम्यान खाजणे, तिवरांची वने आणि मिठागरे पसरलेली होती. त्यांपैकी काही अद्याप टिकून आहेत. खाड्यांतून येणारा गाळ व सेंद्रिय द्रव्ये ह्यांमुळे येथील समुद्रतळ चिखलाचा व पाणी गढूळ असते. हे पाणी प्रवाळाच्या समुद्राप्रमाणे नितळ नसले, तरी कोळंबी, जवळा आणि त्यांवर जगणारे मासे ह्यांना ते फार मानवते.

मुंबईजवळच्या समुद्रात उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी ह्यांच्या पातळ्यांत सु. ५ मी.पर्यंत अंतर पडते. पौर्णिमा व अमावास्या ह्यांच्या सुमारास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांग असतो. उधाणाची मोठी भरती येथे दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते आणि दररोज सु. ५० मिनिटांनी मागे पडत जाते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केल्यास भरतीची वेळ निघते, हा कोकणातील पारंपरिक ठोकताळा ह्यावरच आधारलेला आहे. उदा., अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. घड्याळाचा प्रसार होण्यापूर्वी मच्छीमारांचे सारे वेळापत्रक ह्या हिशेबावर चाले. छापील भरतीचे तक्ते व मोबाइल दूरध्वनी हाती आल्यावरही तो विस्मृतीत गेलेला नाही.

हिवाळ्यातील समुद्रस्थिती : पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो आणि उल्हास नदीच्या पुराने खाडीच्या मुखाजवळच्या पाण्याची क्षारता पुष्कळ घटते. सप्टेंबरनंतर पूर ओसरतो, पाणी पुन्हा खारे होते आणि लाटांचा जोर मंदावतो. हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. शिडाच्या होड्यांच्या काळात ह्या आलटून-पालटून वाहणाऱ्या वाऱ्यांना फार महत्त्व होते. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर होडी बाहेर पडे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर मासळी घेऊन परते. हिवाळी हंगाम मोठा मानला जाण्याचे हे एक साधे व व्यावहारिक कारण होते.

येथील पृष्ठजलाचे तापमान हिवाळ्यातही सामान्यतः २४° ते २६° से.च्या खाली फारसे जात नाही. त्यामुळे समशीतोष्ण समुद्राप्रमाणे मासे थंडीने खोल पाण्यात निघून जाण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. उलट अरबी समुद्राच्या उत्तर भागात थंड, कोरड्या ईशान्य वाऱ्यांनी पृष्ठभागाचे पाणी निवते, जड होऊन खाली जाते आणि खालचे पोषकद्रव्ययुक्त पाणी वर मिसळते. त्यामुळे वनस्पतिप्लवकांची वाढ होते. त्यांवर प्राणिप्लवक, जवळा व लहान कोळंबी आणि त्यांवर बोंबलासारखे खादाड मासे अशी ही अन्नसाखळी आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात खाड्यांतून येणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांची तिला जोड मिळते.

डोल जाळे व त्याची पद्धती : डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे स्थिर जाळे असून त्याची लांबी सु. ३० ते ६० मी. असते. तोंडाशी मोठे असलेले आस शेवटच्या खोळीकडे बारीक होत जातात. समुद्रतळात रोवलेल्या लाकडी खुंटांना जाळ्याचे तोंड दोरांनी बांधतात आणि पिंपांच्या किंवा अन्य तरंडांच्या साह्याने ते पाण्यात ताणून धरतात. प्रवाहाच्या जोराने जाळे उघडते व प्रवाहाबरोबर वाहत येणारे मासे खोळीत साठतात. प्रवाह थांबून उलटण्याच्या आत, पाणी स्तब्ध असताना खोळ वर घेऊन रिकामी करावी लागते. त्यामुळे नाखवा व खलाशी ह्यांचा दिवस सूर्यावर नव्हे, तर ओहोटीवर बेतलेला असतो. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद होऊन जाळे नीट उघडत नाही. हे दिवस जाळी विणण्या-तुणण्याच्या व वाळविण्याच्या कामी येतात.

खुंट रोवणे हे ह्या पद्धतीतील सर्वांत कष्टाचे काम होय. पूर्वी खुंटाला लांब सोट जोडून तो पाण्यात उभा धरीत आणि होड्यांवरील माणसांचे वजन व दोरांची ओढ ह्यांच्या जोरावर खुंट चिखलात बसवीत. एकदा बसविलेल्या खुंटाची जागा, म्हणजेच ‘कव’, त्या कुटुंबाची किंवा गटाची मानली जाई. समुद्रावर कोणाचीही मालकी नसली, तरी कवीचा हक्क गावात मान्य असे व तो वारसाने पुढे जाई. ही अलिखित व्यवस्था गावापुरती परिणामकारक होती. तिच्या मर्यादा पुढे निराळ्या कारणाने उघड झाल्या.

डोल पद्धती सौराष्ट्र व महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावर विशेष रूढ आहे. जोरदार भरती-ओहोटी आणि चिखलाचा सपाट तळ ह्या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आढळतात. दक्षिण कोकणात भरती-ओहोटीतील अंतर कमी आणि तळ अधिक खडकाळ किंवा वाळूचा असल्याने तेथे रापण व तरती जाळी अधिक प्रचारात आली.

बोंबील : (हार्पाडॉन नेहेरियस). हॅमिल्टन ह्यांनी १८२२ मध्ये ह्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचा प्रसार खंडित स्वरूपाचा आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो मुख्यतः गुजरात व उत्तर महाराष्ट्र येथे, तर पूर्व किनाऱ्यावर मुख्यत्वे बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात सापडतो. दक्षिणेच्या दीर्घ किनाऱ्यावर तो जवळजवळ नसतो. त्याचे अंग मऊ व अर्धपारदर्शक असून मांसात पाण्याचे प्रमाण अतिशय जास्त असते. त्यामुळे तो ताजा फार वेळ टिकत नाही. बर्फ व जलद वाहतूक ह्यांची सोय होण्यापूर्वी त्याला वाळविण्यावाचून पर्याय नव्हता.

वाळविण्यासाठी बांबूंच्या चौकटीवर दोर ताणून ‘वलांडी’ उभारतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून अशा जोड्या दोरावर टांगतात. कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि समुद्रावरील वारा असल्यास दोन-तीन दिवसांत ते वाळतात. ह्यासाठी मीठ लागत नाही. भाईंदरची मिठागरे जवळच असूनही बोंबलाच्या वाळवणीत मिठाला स्थान मिळाले नाही. त्याचा उपयोग सुरमई, घोळ, दाढा ह्यांसारखे मोठे मासे खारविण्याकडे झाला. हिवाळ्याचे महत्त्व येथे दुहेरी आहे : ज्या महिन्यांत बोंबील भरपूर मिळतो, त्याच महिन्यांत तो वाळविण्यास अनुकूल हवाही लाभते. सुकटीच्या विक्रीवर कुटुंबाचा पावसाळ्यातील निर्वाह चाले. म्हणून डिसेंबरमधील एखाद्या अवकाळी पावसाने होणारी हानी केवळ एका दिवसाच्या मासळीची नसून पुढील पावसाळ्याच्या तरतुदीची असते.

इतिहास : साष्टीच्या किनाऱ्यावरील कोळी वस्ती फार जुनी आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशाह ह्याने वसई व तिच्या परिसरातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर येथील अनेक कोळी व शेतकरी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. उत्तन परिसरातील कोळी समाज आजही बहुतांशी ख्रिस्ती असून बोली, पोशाख, लग्नातील गाणी व व्यवसायाची परिभाषा ह्या बाबतींत इतर कोळ्यांशी त्याचे निकटचे साम्य आहे. वसईच्या खाडीच्या मुखावर लक्ष ठेवण्याच्या दृष्टीने धारावी बेटास लष्करी महत्त्व होते. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) ह्या ठिकाणासाठी संघर्ष झाला व १७३९ मध्ये वसईबरोबर हा टापू मराठ्यांच्या ताब्यात आला. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी जिंकली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. ह्या सत्तांतरांमध्ये जमिनीवरील महसुलाच्या पद्धती बदलल्या, पण डोल जाळ्याच्या कामाची रीत मूलतः तीच राहिली.

व्यवसायात पहिला मोठा बदल रेल्वेमुळे झाला. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून १८६४ मध्ये मुंबईपर्यंत आला. पुढे भाईंदर स्थानकामुळे उत्तनच्या कोळणींना मुंबईची बाजारपेठ खुली झाली. मासेमारी पुरुषांनी करावी आणि वाळवण, हिशेब व विक्री स्त्रियांनी करावी, ही श्रमविभागणी पूर्वीपासून होतीच. रेल्वेने तिचा आवाका वाढविला. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जिल्ह्यातील मासेमारी, कोळी समाज आणि मिठागरे ह्यांची तपशीलवार माहिती आढळते.

विसाव्या शतकात शासनाचे लक्ष सागरी मासळीकडे वळले. १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ ह्या वाफेवर चालणाऱ्या जहाजाद्वारे मुंबईजवळच्या समुद्राची मासेमारीच्या दृष्टीने पाहणी करण्यात आली. १९३३ मध्ये एच्. टी. सोर्ले ह्यांचा मुंबई इलाख्यातील सागरी मासेमारीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था स्थापन झाली. बोंबलावरील तिचे संशोधन, विशेषतः एस्. व्ही. बापट ह्यांनी लिहिलेली व १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली पुस्तिका, ह्या माशाच्या अभ्यासात पायाभूत मानली जाते.

स्वातंत्र्योत्तर काळात होड्यांचे यांत्रिकीकरण झाले व ताग आणि कापूस ह्यांच्या धाग्यांऐवजी नायलॉनची जाळी आली. पूर्वी जाळी कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात ती वरचेवर बुडवावी लागत. नायलॉनमुळे हे काम संपले. इंजिनामुळे मतलई व खाऱ्या वाऱ्यांवरील अवलंबन कमी झाले आणि कवी अधिक दूर व खोल पाण्यात रोवणे शक्य झाले. बर्फाच्या सोयीमुळे ताजा बोंबील मुंबईत विकता येऊ लागला व वाळवणीचा वाटा घटला. मात्र इंजिन, डिझेल, बर्फ व जाळी ह्यांसाठी भांडवल लागू लागले. त्याच्या उभारणीत सहकारी संस्थांचा मोठा हातभार लागला.

कवींचा वाद : दूरवर जाण्याच्या ह्या क्षमतेतूनच एक दीर्घ वाद निर्माण झाला. उत्तन, वसई व अर्नाळा येथील डोलधारकांच्या कवी उत्तरेकडे पालघर-डहाणूसमोरच्या समुद्रापर्यंत पोहोचल्या. सातपाटी व तिच्या उत्तरेकडील मच्छीमार मुख्यतः पापलेटसाठी पाण्यावर तरती जाळी सोडतात. प्रवाहाबरोबर वाहणारी ही जाळी खुंटांत अडकून फाटतात, तसेच डोल जाळ्यांच्या बारीक आसांत पापलेटची पिले मरतात, असा त्यांचा आक्षेप आहे. उलट, कवी पिढीजात असून त्या काढल्यास उपजीविकाच बुडेल, असे डोलधारकांचे म्हणणे आहे. दोन्ही पक्ष पारंपरिक मच्छीमार आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गावाच्या हद्दीत रूढीने सुटणारा प्रश्न सामायिक समुद्रात रूढीने सुटत नाही, हे ह्या वादाने दाखवून दिले. बैठका व समझोते होऊनही त्याचा पूर्ण निकाल लागलेला नाही.

छंद म्हणून मासेमारी : गळाने मासे धरण्यास कोकणात ‘गरवणे’ म्हणतात. पोटासाठी गरवणे फार जुने असले, तरी गळ व चक्री घेऊन केवळ छंदासाठी मासे धरण्याची प्रथा ब्रिटिश अमदानीत रुजली. एच्. एस्. टॉमस ह्यांच्या १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने भारतातील ह्या छंदास चालना दिली. तथापि त्याचा भर नद्यांतील महसीरसारख्या माशांवर होता. मुंबई परिसरात पवई तलाव हे ह्या छंदाचे संघटित केंद्र बनले. समुद्रकिनाऱ्यावर तो विखुरलेल्या स्वरूपात राहिला. हिवाळ्यात समुद्र शांत व पाणी तुलनेने स्वच्छ असल्याने खडकांवरून गळ टाकणे सोपे व सुरक्षित होते. रावस, जिताडा, तांब, हेकरू, शिंगाळा हे मासे गळास लागतात. ह्यांपैकी जिताडा खाडी व समुद्र ह्यांच्या संगमाजवळ, तर तांब व हेकरू खडकांच्या कपारींत आढळतात. पाणी चढू लागल्यावरचे किंवा उतरू लागल्यावरचे पहिले दोन तास गळासाठी चांगले मानतात. अर्थात व्यावसायिक मासेमारीच्या तुलनेत ह्या छंदाचे प्रमाण अत्यल्प आहे.

नियमन : महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये संमत झाला व २०२१ मध्ये त्यात व्यापक सुधारणा करण्यात आल्या. परंपरेने नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून नवा हंगाम सुरू होई. ख्रिस्ती कोळ्यांमध्येही होड्यांना धर्मगुरूंचा आशीर्वाद घेण्याची चाल आहे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी बंदी लागू झाली. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध घातले, तर २०१७ मध्ये केंद्र शासनाने प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीस मनाई केली. २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला. हा मासा घटत असल्याच्या जाणिवेतून हा निर्णय झाला.

सद्यःस्थिती : मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये स्थापन झाली व २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. लोकसंख्येच्या झपाट्याने झालेल्या वाढीमुळे मासळीस मोठी स्थानिक बाजारपेठ मिळाली. त्याचबरोबर खाड्यांत जाणारे सांडपाणी व प्लॅस्टिकचा कचरा वाढला. डोल जाळे स्थिर असल्याने प्रवाहाबरोबर वाहणारा कचरा टाळण्याचा मार्ग त्याला नाही. मासळीबरोबर प्लॅस्टिकही खोळीत साठते आणि ते वेचण्यात खलाशांचा वेळ जातो. वलांडी उभारण्यासाठी लागणाऱ्या मोकळ्या किनाऱ्यावर बांधकामांचा दाब वाढत आहे.

हवामानातील बदलांमुळेही हिवाळ्याची पूर्वीची शाश्वती उरलेली नाही. नोव्हेंबर २००९ मधील फयान, डिसेंबर २०१७ मधील ओखी आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील क्यार व महा ही चक्रीवादळे नेमकी हंगामाच्या भरात आली. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील सागरी मत्स्योत्पादन सु. २·०१ लाख टनांपर्यंत घसरले. ४५ वर्षांतील हा नीचांक असल्याचे केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने नमूद केले. वाढवण बंदर (भूमिपूजन २०२४) आणि उत्तन–विरार सागरी मार्ग ह्या प्रकल्पांमुळे मासेमारीच्या क्षेत्रांवर होणाऱ्या परिणामांविषयी मच्छीमार संघटनांनी चिंता व्यक्त केली आहे.

डोल जाळे माशाचा पाठलाग करीत नाही. प्रवाह जे आणील ते स्वीकारते. त्यामुळे त्याच्या खोळीत येणारी मासळी म्हणजे त्या समुद्राच्या प्रकृतीची एक प्रकारची नोंदच होय. बोंबलाचा आकार, पापलेटच्या पिलांचे प्रमाण, घोळ-दाढ्यासारख्या मोठ्या माशांचे दुर्मिळ होणे आणि कचऱ्याचे वाढते ओझे ह्यांवरून पाण्यातील बदल मच्छीमारांना अहवालांच्या आधी कळतात. ह्या अनुभवजन्य ज्ञानाची पद्धतशीर नोंद होऊन नियमनात तिला स्थान मिळाले, तर कवींचा वाद सोडविण्यास आणि हिवाळी हंगाम टिकविण्यास तिचा उपयोग होऊ शकेल.